तडा गेलेला डॅशबोर्ड घरच्या घरी दुरुस्त करून नव्याने मढवताना

गाडीच्या डॅशबोर्डला तडा जातो तो सहसा धक्क्याने नव्हे, उन्हाने. मऊ डॅशबोर्ड बहुधा तीन थरांचे असतात. आत प्लास्टिकचा, किंवा जुन्या गाड्यांत पत्र्याचा, कडक सांगाडा असतो. त्यावर पॉलियुरेथेन फोम आणि सर्वांत वर पीव्हीसीसारख्या मऊ प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाची तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस जमणारा धूसर, चिकट थर काही अंशी याच द्रव्यांचा असतो. द्रव्ये गेली की पापुद्रा कडक होऊन आकसू पाहतो, परंतु तो खालच्या फोमला सर्वत्र चिकटलेला असल्याने त्याला आकसायला वाव मिळत नाही. साठत गेलेला हा ताण अखेर जिथे आकारात कोपरा किंवा भोक आहे तिथे मोकळा होतो, आणि म्हणूनच तडे स्पीकरच्या जाळीच्या कोपऱ्यात, एसीच्या झरोक्यांच्या कडेला आणि काचेलगतच्या सपाट भागात आधी दिसतात.

हे कारण नीट समजून घेतले की पुढच्या कामातील बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. तडा दिसतो तेवढाच बुजवला तर आजूबाजूच्या पापुद्र्यातील ताण तसाच राहतो आणि काही महिन्यांत भरणाच्या शेजारीच नवी भेग उमटते. वर घातलेले नवे रेक्झिन कितीही चांगले असले तरी खालचा उंचसखलपणा ते झाकत नाही. उलट, पातळ आणि ताणून बसवलेल्या आवरणावर तिरपा उजेड पडला की खालचा प्रत्येक खड्डा आणि कड अधिकच ठळक दिसते. त्यामुळे या कामातील बहुतेक वेळ मढवण्यात नव्हे, तर त्याआधीच्या घासण्या-भरण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा.

आधी एअरबॅगचा विचार

काहीही खोलण्यापूर्वी गाडीत एअरबॅग आहेत का आणि त्या कुठे आहेत, हे पाहावे. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते, परंतु शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आतच बसवलेली असते. काही गाड्यांत तिचे झाकण वेगळे दिसते, तर काहींत ते अखंड पापुद्र्याखाली दडलेले असते आणि त्या पापुद्र्याला आतल्या बाजूने मुद्दाम कमकुवत रेष दिलेली असते. अपघाताच्या वेळी पिशवी सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते आणि नेमक्या त्या रेषेवर झाकण फाटून बाहेर येते. या भागावर नवे रेक्झिन चिकटवले, पुट्टी भरली किंवा फोमचा थर दिला, तर झाकण उशिरा, वाकडे किंवा तुकडे उडवत उघडू शकते. कारखान्यात अशा आवरणाची शिवण विशिष्ट ताणाला तुटेल अशा दोऱ्याने आणि ठरलेल्या टाक्यांनी घातलेली असते, आणि ती प्रत्यक्ष चाचणीत तपासली जाते. घरी तसे करण्याचा कोणताही मार्ग नाही.

म्हणून नियम सोपा ठेवावा: एअरबॅगचे झाकण वेगळे असेल तर ते आहे तसे सोडून बाकीचा भाग मढवावा, आणि झाकण अखंड पापुद्र्याखाली असेल तर तो डॅशबोर्ड घरी मढवू नये. त्याला तडा एअरबॅगच्या परिसरात गेला असेल तर डॅशबोर्डचा तो भाग बदलणे हाच उपाय आहे. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्या नवशिक्याने हात घालण्यास सर्वांत योग्य.

एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्ड उतरवायचा असल्यास इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, कारण तार काढल्यानंतरही यंत्रणेतील कपॅसिटरमध्ये एअरबॅग उडवण्याइतका विद्युतभार काही काळ शिल्लक असतो. एअरबॅगच्या जोडण्या साधारणतः पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना मल्टिमीटर लावून काहीही मोजू नये. सुटी केलेली एअरबॅग झाकणाची बाजू वर करून, उष्णतेपासून दूर ठेवावी. तिची जोडणी सुटी असताना इग्निशन चालू केल्यास बोर्डावर बिघाडाचा दिवा लागतो आणि तो बहुधा स्कॅनरशिवाय जात नाही. काही गाड्यांत पुढच्या खांबांवरील पट्ट्यांच्या आतही पडदा-एअरबॅग असते, तेव्हा त्या पट्ट्या उचकटण्यापूर्वी त्यांवर एअरबॅगची खूण आहे का ते पाहावे.

दुरुस्ती, टोपी की पूर्ण मढवणे

एखाददुसरा छोटा तडा असेल आणि बाकीचा पापुद्रा बोटाने दाबल्यावर अजून मऊ लागत असेल, तर तडा भरून, त्यावर पोत उमटवून व्हिनाइलचा रंग मारणे पुरते. मात्र जुन्या पोताशी जुळणारा पोत उमटवणे वाटते तितके सोपे नाही आणि उघड्या सपाट भागावरची अशी दुरुस्ती जवळून ओळखू येते. दुसरा मार्ग म्हणजे त्या मॉडेलसाठी तयार मिळणारी कडक प्लास्टिकची टोपी जुन्या डॅशबोर्डवर सिलिकॉनने चिकटवणे. ती काही मोजक्याच गाड्यांसाठी मिळते, पण मिळत असेल आणि हाताशी वेळ कमी असेल तर तो प्रामाणिक पर्याय आहे. तडे अनेक असतील, कडा वर उचलल्या गेल्या असतील आणि पापुद्रा नखाने टोचल्यावर कवचासारखा तुटत असेल, तर मात्र संपूर्ण मढवणेच योग्य. पुढील सूचना त्यासाठी आहेत.

साहित्य निवडताना

आवरणासाठी वाहनांच्या आतील भागासाठीच बनवलेले, चारही दिशांना ताणले जाणारे रेक्झिन घ्यावे. सोफ्याचे रेक्झिन दिसायला तसेच असले तरी त्याच्या पाठीला बहुधा विणलेले, न ताणणारे कापड असते आणि उन्हाला ते टिकत नाही. ओळखण्याची रीत अशी की तुकडा हातात धरून उभा, आडवा आणि तिरपा ओढून पाहावा. पाठीचे कापड होजिअरीसारखे असेल तर ते सर्व बाजूंनी सारखे ताणते. खरे चामडे देखणे दिसते, पण ते उन्हात आकसते आणि खोलगट वळणांत बसवणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे असते. रंग गडद आणि पृष्ठभाग निस्तेज असावा, ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. चकचकीत किंवा फिकट डॅशबोर्डचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि नेमके कडक उन्हात समोरचा रस्ता पुसट दिसतो.

गोंदाच्या बाबतीत काटकसर करू नये. कडक उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहून अधिक तापतो, आणि चपलांना किंवा सनमायकाला लावण्याचा साधा संपर्क-गोंद इतक्या तापमानाला मऊ पडू शकतो. अशा वेळी सर्वांत आधी सुटतात त्या खोलगट जागा, कारण तिथे ताणलेले रेक्झिन सतत सरळ होऊ पाहत असते. गाडीच्या छताचे किंवा दाराच्या पॅनेलचे आवरण चिकटवण्यासाठी विकला जाणारा उष्णतारोधक संपर्क-गोंद घ्यावा आणि डब्यावर तो किती तापमानाला टिकतो हे लिहिलेले असल्याची खात्री करावी.

भरणासाठी दोन घटक मिसळून वापरायची लवचीक पुट्टी हवी. प्लास्टिकच्या बंपरच्या दुरुस्तीसाठी मिळते ती चालते. पत्र्याचे पोचे भरण्याची पॉलिएस्टर पुट्टी येथे वापरू नये, कारण ती दगडासारखी कडक होते आणि खालचा फोम दबला की कडेने सुटते. याच कारणाने झटपट चिकटवणारा गोंद तड्यात ओतण्याचाही मोह टाळावा. याशिवाय धारदार कटर, ८०, १२० आणि २४० क्रमांकाचे पॉलिश पेपर, घासण्यासाठी लाकडी ठोकळा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हीट गन, रुंद ब्रश, मास्किंग टेप, प्लास्टिकची पट्टीसारखी उचकटणी आणि बाष्परोधक गाळणी असलेला मास्क लागेल. धुळीसाठीचा साधा कापडी मास्क गोंदाच्या वाफा अडवत नाही.

डॅशबोर्ड उतरवणे

गाडीत बसवलेल्या स्थितीत डॅशबोर्ड मढवता येतो असे सांगणारे भेटतात, पण काचेलगतच्या कडेपर्यंत हात पोहोचत नाही आणि आवरणाची कड आत वळवता येत नाही, म्हणून ती काही दिवसांत उचलते. डॅशबोर्ड बाहेर काढणेच बरे. जुन्या रेडिओला बॅटरी सुटल्यानंतर संकेतांक लागत असेल तर तो आधीच लिहून ठेवावा.

मॉडेलनुसार क्रम वेगळा असतो, त्यामुळे त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका मिळवणे आवश्यक आहे. सामान्यतः आधी बाजूच्या पट्ट्या, ग्लव्ह बॉक्स, एसीचे झरोके, रेडिओ आणि मीटरचा संच निघतो, मग स्टिअरिंगचा दांडा खाली सोडावा लागतो, आणि शेवटी काचेच्या तळाशी, दोन्ही टोकांना आणि मधल्या भागात असलेले स्क्रू व नट सोडवले की डॅशबोर्ड मोकळा होतो. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घ्यावे आणि त्या टप्प्याचे स्क्रू वेगळ्या पाकिटात नाव लिहून ठेवावेत. एखादा भाग जोर लावूनही हलत नसेल तर एखादा स्क्रू झाकणाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला आहे असे समजावे आणि ओढाताण थांबवावी; उन्हाने खंगलेल्या क्लिप अशा ओढाताणीतच तुटतात. स्टिअरिंगचे चाक काढावे लागले तर त्यामागील गुंडाळलेल्या तारेची चकती मध्यस्थितीतून फिरू देऊ नये.

सफाई आणि तडे भरणे

वर्षानुवर्षे लावलेल्या चकाकी देणाऱ्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन तेल असते आणि त्याच्यावर पुट्टी, रंग, गोंद यांपैकी काहीच धरत नाही. प्रथम साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावे. कापड वारंवार बदलावे, नाहीतर तेच तेल एका जागेवरून दुसरीकडे जाते. हे घासण्याच्या आधीच करायचे असते, कारण घासताना वरचे तेल ओरखड्यांत खोलवर बसते. तीव्र थिनर वापरू नये. त्याने पापुद्रा फुगतो.

आता तड्याच्या उचललेल्या कडा कटरने कापून टाकाव्यात. पापुद्र्याचा जो भाग फोमपासून सुटलेला आहे तो दाबल्यावर खाली जातो आणि सोडल्यावर वर येतो. तेवढा सर्व भाग निर्दयपणे काढावा, कारण ताण तिथेच साठलेला असतो. तड्याचे टोक जिथे संपते तिथे ४ ते ५ मिलिमीटरचे छोटे गोल भोक पाडले तर भेग पुढे सरकत नाही. उरलेल्या कडेला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, म्हणजे पुट्टी पापुद्र्यावर थोडी चढून बसेल आणि उभ्या भिंतीला नुसती टेकून राहणार नाही. आतला फोम पिवळा पडून भुगा होत असेल तर घट्ट फोम लागेपर्यंत खरवडावे. खड्डा खोल असल्यास तो थेट पुट्टीने न भरता आधी दोन घटकांचा पॉलियुरेथेन फोम ओतून भरावा, तो फुगून कडक झाल्यावर वरचा भाग कापून पृष्ठभागापेक्षा २ ते ३ मिलिमीटर खाली आणावा आणि मग पुट्टी घालावी.

पुट्टी घालण्यापूर्वी तड्याभोवतीचा ५ ते ६ सेंटिमीटरचा पट्टा ८० क्रमांकाच्या कागदाने खरखरीत करावा. दोन्ही घटक डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत. लवकर सुकावी म्हणून हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करणारा घटक, वाढवल्यास ती ठिसूळ होते. एकाच जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण घट्ट झाल्यावर ठोकळ्याभोवती कागद गुंडाळून घासावा. नुसत्या बोटांनी घासल्यास पुट्टीपेक्षा मऊ असलेला आजूबाजूचा पापुद्राच अधिक झिजतो आणि भरणाचा उंचवटा तसाच राहतो. आधी ८०, मग १२० आणि शेवटी २४० क्रमांकाच्या कागदाने घासत जावे. कड हाताला जाणवणे बंद झाली पाहिजे. डोळ्यांवर येथे विश्वास ठेवू नये, कारण वेगवेगळ्या रंगांच्या पृष्ठभागावर खाचखळगे दिसत नाहीत. डोळे मिटून तळहात हळू फिरवावा, आणि शंका असल्यास अंधारात विजेरी पृष्ठभागाला समांतर धरून पाहावी. शेवटी संपूर्ण डॅशबोर्ड १२० क्रमांकाच्या कागदाने हलका खरखरीत करून धूळ झटकावी आणि पुन्हा अल्कोहोलने पुसावा.

कडक प्लास्टिकचा उघडा भाग असल्यास त्याच्या मागे साच्यात उमटलेली अक्षरे पाहावीत. एबीएस असेल तर गोंद सरळ धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याला काहीच चिकटत नाही आणि आधी त्यासाठीचा खास प्रायमर मारावा लागतो.

नमुना आणि शिवण

पुढचा प्रश्न असा की संपूर्ण डॅशबोर्ड एकाच अखंड तुकड्यात मढवायचा की तुकडे शिवून. साधा, उतरता आकार असेल तर एक तुकडा पुरतो. परंतु मीटरवरची कमान खोल आणि उंच असेल, तर एकाच तुकड्याला ताणण्याची मर्यादा लवकर येते. तिथे अट्टहास न करता कमानीच्या कडेने शिवण घ्यावी.

नमुन्यासाठी डॅशबोर्डवर पातळ पारदर्शक प्लास्टिक पसरून त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींवर चढवत घट्ट चिकटवाव्यात. शिवणीच्या रेषा पेनाने आखून, दर ५ ते ७ सेंटिमीटरवर शिवणीला छेद देणाऱ्या छोट्या खुणा कराव्यात आणि मगच रेषांवर कापून तुकडे सपाट करावेत. या खुणा नसतील तर शिवताना एक तुकडा दुसऱ्यापेक्षा पुढे सरकतो आणि शेवटी वळ पडतो. तुकडे रेक्झिनच्या पाठीवर ठेवून शिवणीच्या बाजूला १२ मिलिमीटर आणि बाहेरच्या कडेला किमान ५ सेंटिमीटर जास्त सोडून कापावेत. दोरा जाड पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा उन्हात कुजतो. टाका ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा. टाके फार जवळ घातले तर रेक्झिनला भोकांची रांग पडून ते तिथेच फाटते. घरातील शिलाई मशीन चामड्याच्या सुईने दोन थर शिवू शकते, पण जिथे चार थर एकत्र येतात तिथे चाक हातानेच फिरवावे. शिवण उघडून दोन्ही बाजूंना दाबटीप दिली की ती सपाट बसते आणि कारखान्यातल्यासारखी दिसते.

चिकटवणे

गोंद लावण्यापूर्वी आवरण कोरडेच डॅशबोर्डवर बसवून पाहावे, शिवणी जागेवर येतात का ते तपासावे आणि मध्यरेषेवर दोन्हींवर खडूने खूण करावी. संपर्क-गोंदाचा स्वभाव असा की दोन्ही पृष्ठभाग एकदा टेकले की सरकवता येत नाहीत. म्हणून येथे घाई करणारा फसतो.

खोली हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत, हीटर किंवा ठिणगी पाडणारे काहीही नसावे, कारण गोंदाच्या वाफा पेट घेतात. गोंदाचा पातळ, सारखा थर डॅशबोर्डवर आणि रेक्झिनच्या पाठीवर, दोन्हींवर लावावा. जिथे ओघळ किंवा गाठ राहील तिथे वरून फुगवटा दिसेल. उघड्या फोमवर किंवा पुट्टीवर पहिला थर शोषला जातो, तेव्हा तिथे दुसरा द्यावा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे. तो साधारणतः १० ते १५ मिनिटांचा असतो. बोट टेकवल्यावर गोंद चिकट लागतो पण बोटाला येत नाही, ही योग्य वेळ. ओला असताना जोडल्यास द्रावक आत अडकतो आणि पहिल्याच उन्हात तिथे फुगे येतात.

मधला पट्टा आधी चिकटवून तिथून दोन्ही टोकांकडे सरकावे; शिवण असलेल्या आवरणात आधी शिवण जागेवर बसवावी. बाकीचे रेक्झिन टेकू नये म्हणून मध्ये बेकिंग कागदाचे ताव ठेवून ते एकेक करून काढत जाता येते. खोलगट भागांत क्रम उलटा असतो: आधी खड्ड्याच्या तळाशी रेक्झिन दाबून पक्के करायचे आणि मग वर कडांकडे यायचे. कडा आधी चिकटल्या तर आवरण खड्ड्यावर तंबूसारखे ताणले जाते आणि ते पुढे कितीही दाबले तरी सुटते. वळणावर हीट गन १५ ते २० सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवावी. रेक्झिन हाताला मऊ लागले की ताणावे आणि गार होईपर्यंत दाबून धरावे. पोत चपटा होऊन चमकू लागला तर उष्णता जास्त झाली असे समजावे, आणि ती चमक परत जात नाही. सुरकुती आलीच तर लगेच, गोंद पक्का होण्याच्या आत, तो भाग किंचित गरम करून सावकाश उचलावा आणि पुन्हा बसवावा.

कडा मागच्या बाजूला किमान २ ते ३ सेंटिमीटर वळवून चिकटवाव्यात. बाहेर वळणाऱ्या कोपऱ्यात जास्तीचे रेक्झिन त्रिकोणी काप देऊन काढावे, आत वळणाऱ्या कोपऱ्यात एकच सरळ छेद द्यावा, आणि कोणताही काप दर्शनी कडेपासून ३ ते ४ मिलिमीटर आधी थांबवावा. झरोके, स्पीकर आणि मीटर यांची भोके सर्वांत शेवटी, आवरण पूर्ण चिकटल्यावर कापावीत: मध्यापासून कोपऱ्यांकडे छेद देऊन पाकळ्या आत वळवायच्या. काचेतील धुके हटवणाऱ्या हवेच्या फटी झाकल्या गेल्या नाहीत ना, हे या टप्प्यावर आवर्जून पाहावे.

परत बसवणे

गोंदाला पूर्ण बळ येण्यासाठी किमान २४ तास द्यावेत. रेक्झिनच्या जाडीमुळे झरोके आणि पट्ट्या आता घट्ट बसतात. एखादी जागा अडत असेल तर ठोकण्याऐवजी त्या जागेच्या आत वळवलेले रेक्झिन पातळ करावे. तुटक्या क्लिप नव्या घालाव्यात आणि प्लास्टिकला प्लास्टिक घासते तिथे फेल्टची पट्टी लावावी, म्हणजे रस्त्यावर कुरकुर होत नाही. सर्व जोडण्या, एअरबॅगच्या धरून, जोडल्यानंतरच बॅटरीची तार लावावी आणि एअरबॅगचा दिवा इग्निशन चालू केल्यावर लागून काही सेकंदांत विझतो का ते पाहावे.

पहिले काही दिवस गाडी सावलीत, काचा किंचित उघड्या ठेवून उभी करावी, कारण द्रावकाचा वास तोपर्यंत येत राहतो. पुढे सफाईसाठी ओले फडके पुरेसे आहे. सिलिकॉनचे पॉलिश लावू नये, त्याची चमक काचेत पडते आणि पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर गोंद धरत नाही. उन्हात उभी करताना काचेमागे पडदा लावावा. एखादी कड उचललीच तर ती धूळ बसण्यापूर्वी, त्याच आठवड्यात हाताळावी: दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसून, लहान ब्रशने नवा पातळ थर द्यावा, तो चिकट होईपर्यंत कड काडीने उघडी धरावी, आणि मग दाबून रात्रभर मास्किंग टेपने बांधून ठेवावी.